युरिक ॲसिड नॉर्मल, तरीही गाऊटच

महोदय,
ऐन भातलावणीत आमच्या आबांच्या पायाचा अंगठा रात्रीतून सुजून लालबुंद झाला. चादर लागली तरी ते कळवळत. रक्तात युरिक ॲसिड नॉर्मल आलं, म्हणून ‘मुरगळलंय’ सांगून परत पाठवलं. पण हा होता गाऊट, म्हणजे सांध्यात युरिक ॲसिडचे स्फटिक साचून होणारा संधिवात. त्याचं दुखणं भरात असताना रक्तातलं युरिक ॲसिड नॉर्मल दिसू शकतं. सूज ओसरल्यावर, दोनेक आठवड्यांनी पुन्हा तपासावं लागतं. सांध्यातल्या पाण्यात सूक्ष्मदर्शकाखाली सुईसारखे स्फटिक दिसले की निदान पक्कं.

आता युरिक ॲसिड कमी करणारी ॲलोप्युरिनॉलची गोळी १०० मिलीग्रॅमपासून हळूहळू वाढवत रक्तातली युरिक ॲसिडची पातळी ६ (मिलीग्रॅम प्रति डेसिलीटर) च्या खाली आणलीय. मधे बरं वाटलं म्हणून आबांनी गोळी सोडली आणि अंगठा पुन्हा सुजला. ती सोडायची नसते, हे मराठीत कुणी सांगितलंच नव्हतं. बेळगाव, खानापूरच्या दवाखान्यांत एवढं कन्नडबरोबर मराठीतही भिंतीवर लावावं, ही कळकळीची विनंती.

– एका शेतकऱ्याची लेक, येळ्ळूर