चौकटीवरची रेघ

ती. बाबा आणि ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तीनदा ओठांवर आलेली गोष्ट आता लिहूनच कळवते. चिपळूणच्याच वरच्या अंगाला दुसऱ्या मजल्यावरची जागा मी भाड्याने घेतली असून अनामतही भरली आहे. मृग लागायच्या आत तुम्ही दोघांनी तिथे राहायला जायचे आहे. तुम्हाला न विचारता ठरवले याचे मला फार वाईट वाटते. पण विचारले असते, तर बाबांनी माजघराच्या चौकटीवरची 2005 च्या पुराची रेघ दाखवली असती आणि मी पुन्हा गप्प बसले असते.

बाबा, त्या रेघेवर माझाही विश्वास होता. 26 जुलैचे पाणी जिथवर चढले त्याच्या वर ते येणार नाही, असे धरूनच तुम्ही फ्रीज चौथऱ्यावर ठेवलात. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीने ती रेघ बुडवली. तुम्ही दोघे माळ्यावर अंधारात बसून होतात आणि आईचे इन्सुलिन खाली गढूळ पाण्यात गेलेल्या फ्रीजमध्ये होते. तो दिवस मला अजून झोपू देत नाही.

तुमचा हिशेब चुकला नव्हता. ज्या पावसावर तो बेतला होता, तो पाऊसच बदलला. अरबी समुद्र तापल्यामुळे वाऱ्यांबरोबर येणारे बाष्प वाढले आहे. 1950 ते 2015 या काळात मध्य भारतातल्या व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे पुण्यातल्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांनी दाखवून दिले आहे. त्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात 590 मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. सह्याद्रीवरच्या अशा पावसाचे पाणी गाळाने उथळ झालेल्या नदीत उतरते आणि त्यातच भरतीची वेळ आली, की दाभोळच्या खाडीकडे ते वाहून जाणार तरी कसे? गाळ काढावा म्हणून झालेल्या साखळी उपोषणाला तुम्ही बसलात, याचा मला अभिमान आहे. पण समुद्र तापवणारा धूर प्रामुख्याने श्रीमंत देशांनी शतकभर सोडला, आणि खोलीबाहेर पडताना पंखा बंद करायला शिकवणाऱ्या तुम्हाला माळ्यावर बसावे लागले, हा अन्याय आहे. अशा हानीसाठी निधी उभारायचे 2022 साली शर्म अल-शेखच्या जागतिक हवामान परिषदेत ठरले. त्याची वाट पाहत तुमचा आणखी एक पावसाळा त्या घरात जाऊ द्यायला माझे मन धजत नाही.

आई, तिथे लिफ्ट आहे, न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतला आहे, आणि देव्हारा पूर्वेच्या भिंतीला नीट मावतो. तुळशीला गॅलरीत सकाळचे ऊन मिळेल. घर विकायचे नाही, हे मी शपथेवर सांगते. पाऊस सरला की दिवाळीला तुम्ही ओटीवर परत याल.

लहानपणी पाणी चढले की बाबा मला खांद्यावर बसवून नदी दाखवायला न्यायचे, तेव्हा मला कशाचीच भीती वाटत नसे. आता मात्र बाबा, ‘पाणी बघून येतो’ म्हणून पावसात बाहेर पडायचे नाही. घराची कागदपत्रे आणि बँकेची पुस्तके आजच झाकणाच्या डब्यात भरा. आईने औषधांची पिशवी उशाशी ठेवावी आणि जेवणाच्या वेळा चुकवू नयेत.

त्याच चौकटीवर माझ्या उंचीच्याही रेघा आहेत. 2021 ची रेघ तुम्ही अजून मारलेली नाही. सामान हलवायला मी येईन, तेव्हा ती मारू. पाणी कुठवर होते ते तुम्ही खालून सांगा. स्टुलावर मी चढेन.

तुमची,
चिऊ