गाळलेले अर्धे वाक्य

पुणे, २८ जानेवारी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

काल २७ जानेवारी, म्हणजे १९४५ साली नाझींची ऑशविट्झची मृत्युछावणी मुक्त झाली तो दिवस. दिवसभर तुझी आठवण येत होती. निवृत्तीच्या दिवशी तू म्हणाला होतास, की तीस वर्षे सही-शिक्क्याखेरीज आपल्या हातून काही घडले नाही. (माझाच अर्ज एका जोडपत्रासाठी परत केला होतास, तेही आठवले.) म्हणून तुला लिथुआनियातल्या कौनास शहरच्या दोन कचेऱ्यांविषयी लिहितो.

१९४० च्या जूनमध्ये सोव्हिएत सैन्याने लिथुआनिया व्यापला आणि परदेशी वकिलाती बंद होऊ लागल्या. पोलंडमधून जीव मुठीत धरून आलेले हजारो ज्यू तेथे अडकले होते, आणि बाहेर पडायचे तर पुढच्या मुक्कामाचा कागद दाखवावा लागे. यान झ्वार्टेंडिक हे फिलिप्स कंपनीचे तिथले व्यवस्थापक, नुकतेच मानद डच वाणिज्यदूत झालेले. कुरासाव या डच बेटावर जाण्यास व्हिसा लागत नसे, मात्र गव्हर्नरची परवानगी लागे, आणि ती क्वचितच मिळे. रीगाच्या डच राजदूताच्या संमतीने त्यांनी 'व्हिसा लागत नाही' एवढेच लिहिले आणि पुढचे गाळले. तुझ्या भाषेत, अटीचे कलमच उडवले! जेमतेम दहा-बारा दिवसांत असे दोन हजारांहून अधिक शेरे त्यांनी दिले. आधी हाताने लिहून, मग रबरी शिक्का करवून.

तो शेरा घेऊन लोक जपानी वकिलातीच्या फाटकाशी उभे राहिले. तिथले जपानी वाणिज्यदूत चिउने सुगिहारा यांनी टोकियोच्या अटींत न बसणाऱ्यांनाही जपानमार्गे जाण्याचे व्हिसे दिले. लिहून लिहून हात आखडे, तेव्हा पत्नी युकिको तो चोळून देत. त्यांच्या यादीत २,१३९ नावे आहेत, आणि कित्येक नावांमागे अख्खे कुटुंब. सैबेरिया ओलांडून, व्लादिवोस्तोकहून बोटीने ही माणसे त्सुरुगा बंदरात उतरली; कुरासावला जायचे बहुतेकांच्या मनातही नव्हते.

मागे राहिले त्यांचे काय झाले, हे मात्र या गोष्टीच्या गोडव्यात विसरले जाते. १९४१ च्या जूनमध्ये जर्मन आले, आणि लिथुआनियातल्या ज्यूंपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मारले गेले.

सुगिहारांचा इस्रायलच्या याद वाशेम या ज्यू-संहाराच्या स्मारक-संस्थेने १९८४ मध्ये गौरव केला. झ्वार्टेंडिक यांचा १९९७ मध्ये, ते जाऊन एकवीस वर्षे झाल्यावर.

पुढच्या महिन्यात येतो आहे. असा अर्ज तुझ्या टेबलावर आला असता, तर ते अर्धे वाक्य तू गाळले असतेस का, हे मला तुझ्या तोंडून ऐकायचे आहे. स्वतःविषयी मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

तुझा,
बाळ