नाटक किती वाजता संपावं?

प्रिय मास्तर,

तुझे फोन येऊन गेले, पण तुझं रात्रभराचं नाटक कापून छोटं करावं की नाही, हे फोनवर सांगण्यासारखं नाही. तू 'हाव, हाव' म्हणत हो ला हो देत राहतोस आणि मध्येच तुझ्या शाळेचं काहीतरी निघतं. म्हणून लिहायला बसलो. मोहफुलं पडायला लागली आहेत. पहाटे सगळं घर टोपल्या घेऊन वेचायला जातं आणि दुपारी घोरतं. तेवढाच निवांतपणा माझ्या वाट्याचा.

मुंबईचा महिना नातवाच्या नावावर निघाला, हे तुला ठाऊक आहेच. तुझी वहिनी बाळंतिणीच्या तेल-शेकात, जावईबापू ऑफिसात. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत आजोबाला काम एकच, सगळ्यांच्या पायात येणं. शेवटी पोरगीच वैतागली. मोबाइलवरून एक यादी उतरवून दिली आणि म्हणाली, बाबा, फेब्रुवारी आहे, इथे रोज कुठे ना कुठे काहीतरी चालू असतं, पाहून या. मी गेलो आणि मग चटकच लागली.

पहिल्यांदा काळा घोडा. हा कला महोत्सव १९९९ पासून भरतो. फेब्रुवारीच्या सुरुवातीला नऊ दिवस, फोर्टातला एक अख्खा रस्ता गाड्यांना बंद, आणि बहुतेक सगळं फुकट. नावातला घोडा म्हणजे सातव्या एडवर्डचा पुतळा. तो १९६५ मध्ये तिथून उचलून राणीच्या बागेत नेला. घोडा गेला तरी लोक त्या जागेला काळा घोडाच म्हणत राहिले, म्हणून २०१७ मध्ये नवा बसवला. या नव्या घोड्यावर स्वार नाही. राजा वगळून नुसतं जनावर ठेवलं, हे मला फार पटलं.

महोत्सवाचं म्हणशील तर गर्दी आपल्या मंडईच्या जत्रेसारखी. रस्त्यावर माणसापेक्षा मोठ्या कलाकृती मांडलेल्या, आणि लोक त्यांच्याकडे पाठ करून उभे, फोटोसाठी. आपले पोट्टे मंडईत झुल्याजवळ फोटो काढतात, पण निदान झुल्यात बसतात तरी. दोन संध्याकाळी मी त्या रेट्यात घालवल्या आणि मग रस्ता सोडून आजूबाजूच्या इमारतींकडे वळलो. खरा माल तिथे आहे.

जहांगीर आर्ट गॅलरीत १९५२ पासून चित्रं लागताहेत. आत जायला पैसे पडत नाहीत. दारावर कोणी तुझे कपडे पाहत नाही, मी तर चपला घालूनच गेलो होतो. आत थंडगार, आणि चित्रकार स्वतः कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेला. त्याच्याशी बोललास तर त्याला बरं वाटतं, न बोललास तरी चालतं. एका चित्रात नुसतीच राखाडी पट्टी होती, मला काही उमगेना. त्याला विचारलं, तर म्हणाला, तुम्हाला काय दिसतं? मी म्हटलं, धानाच्या रोवणीच्या आधीचा बांध. तो हसला नाही, वहीत लिहून घेतलं. बाहेर फूटपाथवरही चित्रं टांगलेली असतात आणि समोर बसवून तुझा चेहरा काढून देणारे असतात. तुझ्या वहिनीसाठी माझा काढून घेतला, तिला तो मुळीच पटला नाही.

तिथून हाकेच्या अंतरावर एक मोडकळीला आलेली इमारत आहे, पूर्वीचं वॉटसन हॉटेल. तिचा लोखंडी सांगाडा इंग्लंडात बनवून जहाजातून आणला होता. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं हिंदुस्थानात पहिल्यांदा इथे दाखवली, तिकीट एक रुपया. एकेक चित्र मिनिटभराचंही नव्हतं, कारण त्यांच्या यंत्रात तेवढीच फीत मावायची. हे मला पेडर रोडच्या सिनेमा संग्रहालयात नीट कळलं. गुलशन महल नावाच्या जुन्या बंगल्यात आणि शेजारच्या नव्या इमारतीत २०१९ पासून ते उघडलं आहे. तिथे फाळक्यांपाशी मी बराच रेंगाळलो. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला, चार रिळांचा. तारामती केली अण्णा साळुंके नावाच्या माणसाने, तोही हॉटेलातला आचारी. बाई मिळेना म्हणून. आपल्याकडे मिशी काढून लुगडं नेसलेल्या नटांच्या कथा आपण किती ऐकल्या! वाचताना एकटाच हसत होतो, तर रखवालदार येऊन पाहून गेला.

आता तुझ्या मुद्द्याकडे येतो. नव्या नाटकाची वही तू पाठवलीस आणि सोबत लिहिलंस की यंदा हे कापून दोन अंकी करतो, दोन-सव्वादोन तासांत संपवतो, शहरातले लोक असंच पाहतात, आपलं रात्रभराचं आता मागास वाटतं. हे वाक्य खिशात घेऊनच मी मुंबईभर फिरलो. म्हणून मी नाटकं नुसती पाहिली नाहीत, ती किती वाजता आणि का संपतात हेही पाहत होतो.

दादरचं शिवाजी मंदिर घे. एका दिवसात तीन-तीन प्रयोग, सकाळी, दुपारी, रात्री, बहुतेक वेळा वेगवेगळ्या नाटकांचे. एकाचा सेट निघतो तोवर दुसऱ्याचा टेम्पो दारात उभा. थिएटरचं भाडं सत्रावर. सत्र संपलं की नाटक संपलंच पाहिजे. मध्यंतरात बटाटेवडा खायचा, तोही झटपट, कारण घंटा होते. रात्रीचा प्रयोग सुटला की लोक पडद्याला टाळ्या देता देताच उठायला लागतात. मला आधी राग आला, नटांचा अपमान वाटला. पण मग मीही तसाच उठलो, कारण डोंबिवलीची गाडी. जावईबापूंनी बजावून ठेवलं होतं की मध्यरात्रीनंतर लोकल तुरळक होतात आणि मग पहाटेपर्यंत फलाटावर बसायची पाळी. तेव्हा ध्यानात आलं बे, की मुंबईत नाटक किती लांब असावं हे लेखक ठरवत नाही. थिएटरचं सत्र आणि शेवटची लोकल ठरवते. ल्युमिएरच्या फितीसारखंच.

आणि आपलं रात्रभर का चालतं? आपल्याला तासांचा शौक आहे म्हणून थोडंच! बैलांच्या शर्यतीच्या शंकरपटाला नाहीतर मंडईला दहा-पंधरा गावचे लोक येतात, पाहुणे येतात, पोरीबाळींच्या सोयरिकी निघतात. रात्री परतायला ना बस ना रस्ता, धानाच्या बांध्या आणि जंगल. मग उजाडेपर्यंत त्यांना बसवायचं कशावर? नाटकावर. कोकणात दशावतारही रात्रभर चालतो. परळला दामोदर नाट्यगृह होतं, गिरणगावातल्या कामगारांचं, १९२२ चं. तिथे नमन, शक्ती-तुरा असले कोकणातले लोककलेचे खेळ व्हायचे. ते पाहायचं मनात होतं, पण नवं बांधायचं म्हणून २०२३ मध्येच बंद झालं आहे, असं पोरीने सांगितलं. चुटपूट लागली.

तेव्हा तुझी ती मागासपणाची भीती काढून टाक. जुहूच्या पृथ्वी थिएटरच्या रांगेत एका तरुण पोरीला मी सांगितलं की आमच्याकडे, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, दिवाळीपासून होळीपर्यंत रोज रात्री कुठे ना कुठे नाटक असतं, गडचिरोलीतल्या वडशाला नाटक कंपन्यांची ऑफिसं ओळीने आहेत, गावकरी नाटक ठरवून नेतात, तिकीट लावतात आणि उरलेल्या पैशातून गावाचं काम करतात. तिने झाडीपट्टीचं नावही ऐकलेलं नव्हतं. आपल्या झाडीपट्टीतले नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली हे सांगितलं, तर लगेच मोबाइलवर शोधायला लागली. सरकारी अनुदानाशिवाय हजारो लोक तिकीट काढून नाटकाला बसतात, हे तिला खरंच वाटेना.

पण मास्तर, आपली पाठ थोपटून मी थांबणार नाही. पृथ्वीत मी जे पाहिलं ते घेऊन यावंसं वाटलं. जुहूचं हे थिएटर शशी आणि जेनिफर कपूर यांनी १९७८ मध्ये उभं केलं. दोनशेच्या आसपास खुर्च्या, तीन बाजूंनी प्रेक्षक आणि मध्ये नट. मी दुसऱ्या रांगेत होतो, नटाच्या कपाळावरचा घाम दिसत होता. तिसरी घंटा झाली की दार बंद, मग कोणीही असो. माईक नाही. एक बाई अगदी हळू आवाजात काही बोलली आणि मागच्या रांगेतल्या माणसाने श्वास घेतलेला मला ऐकू आला. नाटक कळायला जड होतं, अर्धं इंग्रजीत, तरी मी हललो नाही. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रातल्या टाटा थिएटरमध्येही तेच. ते १९८० चं. आवाज आपसूक शेवटच्या रांगेपर्यंत जावा, अशी त्याची बांधणीच आहे. तिथे गाणं ऐकलं. पेटीवाला गायकाच्या मागे सावलीसारखा चालत होता, एक सूरही पुढे नाही. माझी बोटं मांडीवर फिरत होती, शेजारच्या बाईंनी दोनदा पाहिलं.

आता आपल्याकडे आठव. वरून दोन माईक लोंबतात आणि सगळी माणसं त्यांच्याखाली गोळा होतात. बाप मरतोय, मुलगा रडतोय, पण दोघंही माईकखाली सरकून मग रडणार. प्रेमाचं वाक्यही ओरडून, कारण समोर हजार माणसं, बाजूला चहाचं दुकान आणि पलीकडच्या शामियान्यात दुसऱ्या कंपनीचं नाटक. मी इतकी वर्षं खाली बसून ऑर्गन वाजवला, मला हे खटकलंच नाही. पृथ्वीतून आल्यापासून तेच डोळ्यांपुढे येतं. तुझ्या तिसऱ्या अंकात आई आणि सुनेचा जो प्रवेश आहे ना, धान कोणाच्या नावाने विकायचं त्यावरचा, तो ओरडून केला तर मेला म्हणून समज. तो हळू व्हायला हवा. कंपनीच्या मालकाला सांग, निदान त्या दोघींना कॉलर माईक द्या. नाही म्हणेल, खर्च सांगेल. मग त्याला विचार, दुसऱ्या अंकात सिनेमाच्या गाण्यांवर नाचणाऱ्या त्या रेकॉर्डिंग डान्सच्या बाईला किती देता? ते नाच तू स्वतःहून लिहिलेले नाहीत, मला माहीत आहे. पण एकदा काढून तर पाहा.

तास कमी करू नकोस. वहीत तू एक गोष्ट फार चांगली केली आहेस, तुला स्वतःला कळलं की नाही कोण जाणे. प्रत्येक अंकाच्या सुरुवातीला तो कोतवाल येतो आणि आतापर्यंतचं सगळं चुकीचं सांगतो, मग दुसरा त्याला दुरुस्त करतो. पृथ्वीत याची गरज नाही, तिथे सगळे पहिल्या घंटेपासून जागे असतात. आपल्याकडे पोरं सतरंजीवर झोपतात, म्हातारे डुलक्या घेतात, कोणी चहाला जातो, कोणी भावजयीच्या गावच्या माणसाला भेटून येतो. दोन वाजता डोळा उघडलेल्या माणसालाही गोष्ट कुठवर आली ते कळलं पाहिजे. तू ते हसवत हसवत केलंस. शहरातला लेखक अशा प्रेक्षकासाठी लिहीतच नाही, म्हणून त्याला हे सुचायचंही कारण नाही. हे कोतवालाचे प्रवेश कापलेस तर माझी-तुझी दोस्ती संपली.

कापायचंच असेल तर चौथ्या अंकातलं भाषण काप. साडेचारच्या सुमाराला, गारठ्यात, शेतकऱ्यांच्या दैन्यावर तू त्या पोराकडून पानभर बोलवून घेतलं आहेस. समोर बसलेले ते दैन्य घरी ठेवूनच आले आहेत. त्या जागी एखादं पद टाक, चाल मी लावून देतो. पहाटेचं आहे, तेव्हा भैरवीकडे झुकणारी, पण रडकी नाही.

बाकी तुझी वहिनी विचारते की मास्तरीणबाईंच्या गुडघ्याला आराम पडला का. नातू छान आहे, नाक आमच्यावर गेलं नाही म्हणून सगळे खूश. पुढच्या फेब्रुवारीत तुलाही जायचं असेल तर गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेस पकड, ती तिथूनच सुटते, म्हणजे जागेची मारामारी नाही. रिझर्व्हेशन मात्र उघडल्या उघडल्या उरकून टाक. शाळेची रजा कशी काढायची ते तुझं तू पाहा. काळ्या घोड्याला शनिवार-रविवारी जाऊ नकोस, रेटारेटीत काही दिसत नाही. पृथ्वीला मात्र अर्धा तास आधी पोच. उशीर झाला तर त्यांच्या अंगणात चहा पीत बसावं लागेल, आणि तो चहा आपल्याला परवडणारा नाही.

पदाचे शब्द लवकर पाठव.

तुझा,
पेटीवाला