रिमिनीत छत्र्यांपलीकडेही काही आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला इटलीच्या रिमिनी शहरावरचा लेख वाचला. अर्ध्या पानावर रंगीत छत्र्या, वाळूतल्या खुर्च्या आणि हॉटेलांचे भाव. आम्हा नागपूरकरांना समुद्राचे अप्रूप फार, आपण अंबाझरी-फुटाळा तलावांवर भागवणारी माणसे, त्यामुळे छत्र्यांबद्दल तक्रार नाही. पण तिथे समुद्रस्नानगृह निघाले १८४३ मध्ये आणि शहर आहे इ.स.पू. २६८ चे. त्या मधल्या दोन हजार वर्षांना लेखात अडीच ओळी मिळाल्या. ज्या पुलासाठी मी तिथे गेलो, त्याचे तर नावही नाही.

मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला माणूस. मुलगी बोलोन्याला असते, तिथून रेल्वेने रिमिनीला गेलो. टायबेरियसच्या पुलाचे काम रोमन सम्राट ऑगस्टसने इ.स. १४ मध्ये सुरू केले आणि टायबेरियसने ते २१ मध्ये पुरे केले. इस्त्रियातल्या पांढऱ्या दगडाच्या पाच कमानी. मी काठावरून बराच वेळ खांबच पाहत बसलो. ते रस्त्याशी काटकोनात नाहीत. नदी जशी वाहत होती त्या दिशेने तिरपे बसवले आहेत, म्हणजे पुराचे पाणी अंगावर न आदळता बाजूने निघून जाते. आमच्या खात्यात याला स्क्यू पूल म्हणतात, आणि त्याचा आराखडा समोर आला की आजही नवा इंजिनिअर डोके खाजवतो. पाया लाकडी पाइलवर, म्हणजे जमिनीत ठोकलेल्या खुंटांवर. कठड्याच्या आतल्या अंगाला दोन्ही सम्राटांची नावे कोरलेली आहेत. अक्षरे झिजली आहेत, पण बोट फिरवले की खाच लागते. अगदी अलीकडेपर्यंत यावरून मोटारी जात होत्या. सौ. म्हणाली, "पूलच पाहायचा होता, तर नाग नदीवरचा नव्हता का?" दोन हजार वर्षे वाहतूक झेललेला तिथे नाही, एवढेच मी म्हणालो.

पुलापासून सरळ रस्त्याने जेमतेम किलोमीटरभर चालले की दुसऱ्या टोकाला ऑगस्टसची कमान लागते, इ.स.पू. २७ ची. मूळचा हा शहराचा दरवाजा, पण इतका रुंद की त्याला दारे बसवता येऊ नयेत. आता शांतता आहे, वेस बंद करायची गरज नाही, असे सम्राटाला सांगायचे होते म्हणतात. माथ्यावरचे दंतुर कंगोरे मात्र मध्ययुगातले, ते त्या कमानीला अजिबात शोभत नाहीत. १९८९ मध्ये सापडलेले रोमन शल्यवैद्याचे घरही जवळच आहे. तिसऱ्या शतकात ते आगीत कोसळले आणि दीडशेहून अधिक शस्त्रक्रियेची हत्यारे ढिगाऱ्याखाली राहिली. १९४४ च्या लढाईत शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला, तरी पूल आणि कमान दोन्ही वाचली. त्या लढाईत आपले सैनिकही होते. सॅन मारिनोच्या रस्त्यावर गुरखा सैनिकांची दफनभूमी आहे, तिचाही उल्लेख हवा होता.

हे नागपूरच्या वाचकाने का वाचावे? रोमहून येणारा फ्लामिनिया रस्ता त्या कमानीपाशी संपतो आणि पियाचेन्झाकडे जाणारा एमिलिया रस्ता त्या पुलावरून निघतो. रिमिनी म्हणजे रस्त्यांचा सांधा. आपल्या झीरो माइलच्या दगडावर हैदराबाद, चांदा, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल यांची अंतरे कोरलेली आहेत, तीही याच जातीची गोष्ट. रिमिनीत शाळेची मुले पुलाच्या कठड्याला हात लावून लॅटिन अक्षरे जुळवताना पाहिली. आपल्याकडे झीरो माइलपाशी घोड्यांच्या पुतळ्यांसोबत सेल्फी निघतो, दगडावरची अंतरे वाचणारा मी तरी क्वचितच पाहिला. महाल भागातल्या गांधी गेटखालून तर मी स्वतः चाळीस वर्षे स्कूटर काढली आणि मान वर करून एकदाही पाहिले नाही. रिमिनीहून परतल्यावर मुद्दाम गेलो.

असो. पुढे कधी रिमिनीवर छापाल तर एक फोटो पुलाचा घ्या, आणि तो पाण्याच्या पातळीवरून काढलेला असावा. रस्त्यावरून घेतला तर खांबांचा तिरपेपणा दिसत नाही.

आपला,
एक निवृत्त अभियंता, नागपूर