ॲपचंही चावडी वाचन होऊ द्या

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात मी एक छोटी अभ्यासिका चालवते. कापसाची वेचणी आटोपली की इथे ओपन सोर्सचं, म्हणजे कुणालाही वाचता-बदलता येणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्यांचा मेळावा भरतो. कॉलेजची मुलं, दोन-तीन शिक्षक, सेतू केंद्रावर काम करणारे तरुण आणि आता बचत गटाच्या बायाही येतात. जुन्या संगणकांवर विंडोजऐवजी लिनक्स ही खुली प्रणाली टाकून देणं हे मुख्य काम. विंडोज 10 ला मिळणारा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि विंडोज 11 न पेलणारी यंत्रं आमच्याकडे जास्त येऊ लागली. ते आम्ही निभावून नेतो. पत्राचं कारण वेगळं आहे: सरकारी ॲपचा कोड, म्हणजे ॲपनं काय करायचं ते सांगणारा मजकूर, लोकांना वाचता यावा.

मागच्या मेळाव्याच्या वेळी व्हॉट्सॲपवर पीएम किसानच्या नावाची एक एपीके फाइल, म्हणजे फोनवर ॲप बसवणारी फाइल, फिरत होती. मुलांनी ती लॅपटॉपवर उलगडली आणि प्रोजेक्टरवरून भिंतीवर दाखवली. आत योजनेचा मागमूस नव्हता. आलेले एसएमएस वाचायची परवानगी, पाठवायची परवानगी, संपर्क यादीची परवानगी, आणि वाचलेला मेसेज कुठल्या पत्त्यावर धाडायचा तो पत्ता. म्हणजे बँकेचा ओटीपी परस्पर चोराच्या हाती. पुढे बसलेली एक काकू म्हणाली, "याले माहे मेसेज कायले वाचाले पायजेत?" मुलांनी समजावून सांगितलं. मग तिनं विचारलं, "आता सरकारच्या ॲपात काय हाये, थे बी दाखव."

ते आम्हाला दाखवता आलं नाही. ॲप कॅमेरा मागतं, ठिकाण मागतं, एवढं फोनच सांगतो. पुढे त्या माहितीचं काय होतं, हे ज्या कोडमध्ये लिहिलंय तो बंद आहे.

ई-पीक पाहणी, म्हणजे ॲपवरून पिकाची नोंद, 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झाली. शेतकरी वावरात उभा राहून पिकाचा फोटो काढतो, त्यासोबत अक्षांश-रेखांश जातात, गट नंबर जातो. नोंद करायची राहून गेली तर नुकसानभरपाईला अडचण. शेतकरी ओळख क्रमांकासाठी आधार आणि जमीन जोडली गेली. 2025 च्या हंगामापासून सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळाला) कापूस द्यायचा तर कपास किसान ॲपवर नोंदणी हवी. यातलं काहीही शेतकऱ्यानं आपखुशीनं निवडलेलं नाही. खासगी ॲप नको असेल तर काढून टाकता येतं. सरकारचं ॲप काढून टाकलं तर हक्काचा पैसा अडकतो. म्हणून सरकारच्या ॲपला तपासणीची कसोटी अधिक कडक हवी.

आपल्या राज्याला याची रीत ठाऊक आहे. सातबारा संगणकावर आला तेव्हा 2017 साली गावोगाव त्याचं चावडी वाचन झालं. लोकांनी ऐकलं आणि नाव चुकलं, क्षेत्र चुकलं, बोजा उतरलेला नाही असं जागेवर सांगितलं. कोडचंही तसंच व्हावं. सगळ्यांना सातबाऱ्यातली प्रत्येक खूण कळत होती असं नाही. कळणारे चार जण गावात होते आणि त्यांना वाचायची मुभा होती, एवढं पुरलं.

कोड खुला केल्यानं चोरांचं फावेल, असं आपले अधिकारी म्हणतील. मला ते पटत नाही. एपीके उलगडायला चोराला कुणाची परवानगी लागत नाही. आमची मुलं करतात ते तोही करतो. गुप्तलेखनाचे अभ्यासक कर्कहॉफ्स यांनी 1883 सालीच मांडलं होतं की, यंत्रणेची रचना शत्रूच्या हाती पडली आहे असं धरूनच ती बांधावी; गुप्त राहावी ती फक्त किल्ली. शिवाय कोड खुला करणं म्हणजे शेतकऱ्याची माहिती खुली करणं नव्हे, हे मुद्दाम सांगते, कारण ही गल्लत वारंवार होते. केंद्रानं सरकारी ॲप्लिकेशनचा सोर्स कोड खुला करण्याचं धोरण 2015 मध्येच आणलं. 26 मे 2020 रोजी आरोग्य सेतू या कोरोनाकाळातल्या सरकारी ॲपच्या अँड्रॉइड आवृत्तीचा कोड खुला केला आणि दोष शोधणाऱ्यांना बक्षीसही जाहीर केलं.

दोष सापडला तर सांगायचा कुणाला, हा आमच्या मुलांचा दुसरा प्रश्न. सर्ट-इन ही केंद्राची सायबर सुरक्षा संस्था दिल्लीत आहे, पण राज्याच्या ॲपसाठी मराठीत लिहिता येईल, पोच मिळेल आणि किती दिवसांत उत्तर येईल हे सांगितलेलं असेल, असा पत्ता आम्हाला हवा. सोबत अभयही हवं. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणक यंत्रणेत शिरल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यासाठी हेतू अप्रामाणिक असावा लागतो, हे खरं. पण आपला हेतू प्रामाणिक होता हे पटवायला ज्याला ठाण्याची पायरी चढावी लागेल, तो शेतमजुराचा मुलगा दोष दिसला तरी गप्प बसेल. पैसे गेल्यावर फोन करायला 1930 हा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक आहे. पैसे जाण्याआधी भोक दाखवणाऱ्याला आज कायद्याचा भक्कम आधार नाही.

सर्वोच्च न्यायालयानं 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा मात्र अनुदान आणि लाभ देताना सरकारला नव्यानं संमती घेण्यातून बरीच सूट देतो. जिथे संमती विचारली जात नाही, तिथे निदान पाहू तरी द्यावं.

मेळाव्यांसाठी पैसा मागत नाही. 2023 साली डेबियन या लिनक्स प्रणालीची जागतिक परिषद कोचीत भरली. तिथवरचं भाडं आमच्या मुलांना झेपत नाही, म्हणून मेळावे इथेच भरवावे लागतात. पंचायत समितीचं सभागृह आणि जिल्हा परिषद शाळेची संगणक खोली सुट्टीच्या दिवशी विनामूल्य मिळावी, असं एक परिपत्रक पुरे. आज प्रत्येक वेळी कुणाच्या तरी ओळखीनं किल्ली मिळवावी लागते.

ई-पीक पाहणी महसूल खात्याची आहे, हे मला माहीत आहे. पण राज्याची ॲप कशी बांधावीत, हे धोरण आपल्याकडे आहे. सुरुवात त्याच ॲपपासून करावी, कारण येत्या खरिपात ते प्रत्येकाला उघडावंच लागणार आहे. पेरणीआधी कोड हाती आला, तर पाहणी सुरू होईपर्यंत आमची मुलं तो वाचून आपलं म्हणणं मराठीत लिहून पाठवतील.

आपली,
अभ्यासिकेची एक कार्यकर्ती
तालुका घाटंजी, जिल्हा यवतमाळ