म्हातारीचं डुलणं

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "हो बाबा, हो बाबा" म्हणतेस आणि मला पुढचं सुचत नाही, म्हणून लिहायला बसलो. शिवाय तुझी आई शेजारी बसून माझं बोलणं दुरुस्त करत असते. कागदावर तिला ते जमत नाही.

म्हातारीचं, म्हणजे मी काम केलं त्या जुन्या लाँचचं, दुसरं मॉडेल तयार झालं. पहिलं दिवाळीत पाहून तू म्हणालीस, "बाबा, ही आपली लाँच नाही." राग आला होता मला. रात्री पडल्यापडल्या विचार करायला लागलो, की तिच्या कठड्याला खांब किती? बाहेरची पट्टी निळी की हिरवी? काही सांगता येईना. बावीस वर्षं तिच्यावर काढली, पण तिला बाहेरून मी नीट बघितलंच नव्हतं. माझी जागा खाली, इंजिनापाशी. गेटवे मागे लहान होत जातो ते बघायला लोक तिकीट काढायचे, वरच्या डेकचे पैसे वेगळे द्यायचे. मला मात्र घंटा. सारंग, म्हणजे लाँच हाकणारा, वरून दोरी ओढायचा. आमच्याकडे एक ठोका म्हणजे पुढे, दोन म्हणजे थांब, तीन म्हणजे मागे. घारापुरीपर्यंतचा तासाभराचा रस्ता मला पाठ होता, पण तो पाठीने. जवाहर द्वीपाच्या बाजूला तेलाच्या जहाजांकडे जाणाऱ्या टगची लाट आडवी आली, की न बघता कळायचं, अर्ध्याच्या पुढे आलो.

रविवारी बाबा घरी का नसतात म्हणून तू लहानपणी भांडायचीस. सोमवारी घारापुरीची लेणी बंद, म्हणून आमचं इंजिन सोमवारी उघडं. फिल्टर, तेल, पट्टा, पंप. त्या दिवशी मी लवकर यायचो, पण अंगाला डिझेलचा वास असायचा आणि तू जवळ यायची नाहीस. ते जाऊ दे.

तुला एक सांगायचं राहिलंय. लाँच भरली आहे की नाही, हे मी माणसं मोजून ओळखत नसे, तिच्या डुलण्यावरून ओळखत असे. नेहमीच्या भाराला ती एका बाजूला कलून, दुसरीकडे जाऊन परत यायला पाचेक सेकंद घ्यायची. वर गर्दी जास्त झाली की डुलणं मंद व्हायचं. कलली की जरा थांबून, विचार करून परत यायची. नवख्या माणसाला वाटेल, वा, किती सावकाश, पोटात ढवळत नाही. पण ते लक्षण वाईट. वरचा भार वाढला की परत उभं राहायची ताकद कमी होते. असं दोनदा झालं तेव्हा मी शिडीवर चढून ओरडलो होतो, "निम्मी माणसं खाली घ्या!" एकदा मालकाची बोलणीही खाल्ली. तुझे आजोबा मला सारखी रामदास बोटीची आठवण द्यायचे. 17 जुलै 1947, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली, पावसाळी समुद्रात उलटली, सहाशेच्या वर माणसं गेली. आजोबा तेव्हा पोरगे होते. पुढे आयुष्यभर बोटीत चढले की आधी माणसं कुठल्या बाजूला उभी आहेत ते बघायचे.

म्हातारी निवृत्त झाली तेव्हा तू हॉस्टेलवर होतीस. लाकूड जुनं झालं होतं. फळ्यांच्या फटींत दर पावसाळ्यात कापूस ठोकून भरायचो, तरी पंप चालूच ठेवावा लागायचा. दारूखान्यात तिला तोडायला नेली. मी पोचलो तोवर घंटा गेली होती, इंजिन आधीच विकलेलं. इंजिनाकडे उतरायच्या शिडीची एक सागवानी पायरी मागून घेतली, मधोमध झिजलेली. माझ्याच पायांनी, अजून कुणाच्या? तुझ्या आईने तिच्यावर तुळशीची कुंडी ठेवली होती. या वेळी मी ती कुंडी उतरवली. त्यावर दोन दिवस घरात शांतता होती.

पायरीतून दोन तुकडे काढून जोडले आणि पठाण, म्हणजे बोटीचा तळाचा कणा, केला. वाक, म्हणजे तिच्या बरगड्या, प्लायचे, तीन मिलिमीटरच्या. माप दोन फुटांना एक इंच, म्हणजे पन्नास फुटांची म्हातारी पंचवीस इंचांची. रंगासाठी तुझाच फोटो कामी आला, चौथीच्या सहलीतला. हातात कैरी, मागे लाँच. मोठा करून आणला. खांब सात निघाले, मी सहा केले होते. पट्टी हिरवी! तू बरोबर होतीस, लिहून देतो.

वजनाचं गणित तू फोनवर सांगितलंस ते वहीत आहे. लांबी चोविसाव्या हिश्श्याची, तर वजन चोवीस गुणिले चोवीस गुणिले चोवीस, म्हणजे 13,824 वा हिस्सा. तीस टन धरले तर 2 किलो 170 ग्रॅम. पहिलं मॉडेल नुसतं शोभेचं होतं, पाण्यात ठेवलं की बुचासारखं वर यायचं. या वेळी जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या आणल्या आणि काट्यावर तोलून आत भरल्या. गणपतीच्या विसर्जनाचा प्लास्टिकचा टब गच्चीवर नेला, सोडली. पाणरेषा अगदी रंगवलेल्या रेघेवर बसली.

बोटाने एका बाजूला दाबून सोडली, तर काय, टुकटुक, टुकटुक! कोंबडी मान हलवते तशी. सेकंदाला एकदा. मला इतकं वाईट वाटलं की तसाच खाली आलो. वाटलं, शिसं चुकीच्या जागी बसलं. वर घेतलं, खाली घेतलं, थोडा फरक पडे. मग तुझं दुसरं गणित आठवलं, डुलण्याचा काळ वर्गमुळाने कमी होतो. चोविसाचं वर्गमूळ पाचाच्या जरा आत. म्हणजे पाच सेकंदांचं एक सेकंद होणारच. चूक माझी नव्हती.

शेजारचा मुलगा वर आला होता. तो म्हणाला, काका, फोनमध्ये हळू करून दाखवतो. पाचपट हळू करायची सोय नव्हती, चौपट होती. टबाच्या कडेला फोन टेकवून त्याने पाण्याच्या पातळीवरून घेतलं. बघितलं. उजवीकडे गेली, थांबली, आली. मी आपोआप पाय फाकवून उभा राहिलो. तो पोरगा हसायला लागला.

व्हिडिओ तोच तुला पाठवेल, मला जमत नाही. आवाज बंद करून बघ, तो मध्ये फार बोलतो. आणि आईला सांगू नकोस की तुळस अजून गच्चीवरच आहे. कुंडीखाली ठेवायला नवी फळी आणली की खाली घेतो.

तुझे,
बाबा