गल्ली झोपलेली असताना गाडी काढता यावी म्हणून

प्रिय मिस्त्री,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमचा मुलगा तुम्हाला मोबाइलवर वाचून दाखवेल आणि निम्म्यावर आल्यावर तुम्ही “बास की आता” म्हणत ग्राइंडर चालू कराल, हे मला ठाऊक आहे. तरीही लिहिते. गाळ्यावर येऊन थँक्यू म्हटलं तर तुम्ही चहा सांगता आणि विषय बदलता. शिवाय गाड्यांचे सायलेन्सर बनवणाऱ्या तुमच्या गाळ्याला पाटी नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात शिरून दोघांना विचारल्याशिवाय तो सापडत नाही. चारचौघांना कळावं एवढं तुमचं काम नक्कीच आहे.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. मी भूलतज्ज्ञ. माझं स्वतःचं हॉस्पिटल नाही. कोल्हापूर, कागल, हुपरी, जयसिंगपूर, जिथून फोन येईल तिथं जायचं. रात्री दोनला फोन वाजतो, बाळाचे ठोके उतरताहेत, सीझर आहे, निघा. राजारामपुरीतल्या गल्लीतून गाडी काढायची आणि हायवेला लागायचं. ऊसाचा हंगाम असला की पुढं दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, मागचा लाइट नाही, आणि ओव्हरटेक करायला मिळणार जेमतेम काही सेकंद. मला पिकअप पाहिजे होता तो यासाठी. आणि खरं सांगायचं तर मला गाडी चालवायला मनापासून आवडते, त्यासाठीही.

गाडी पोलो जीटी, 1.2 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 105 हॉर्सपॉवर, 175 न्यूटन मीटर टॉर्क. पोलो आपल्या चाकणलाच बनायची, 2022 मध्ये ती बंद केली. माझी विकायचा विचार माझ्या मनात नाही. मागचा सायलेन्सर सडून फुटला तेव्हा मी आधी एका मोठ्या दुकानात गेले. तिथं काचेच्या कपाटात चकाचक डबे मांडलेले. पहिला प्रश्न आला, “मॅडम, आवाज कसला पाहिजे?” अडीच इंची पाइप, बोनेटखाली हवेसाठी उघडा, शंकूसारखा कोन फिल्टर, धूर स्वच्छ करणारा कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढून टाकायचा आणि सेन्सरला फसवायचं, असं पॅकेज होतं. “नाद खुळा होईल” म्हणाले. नाद खुळा व्हायला माझी हरकत नाही, पण रात्री दोनला नको.

तुम्ही पहिला प्रश्न विचारलात तो वेगळा होता. “गाडी किती वाजता निघते?”

मग तुम्ही गाडी पिटवर घेतलीत आणि जुना डबा उतरवून तो कापून दाखवलात. बाहेरून एकच भोक दिसत होतं, आत नुसता चुरा. गाडी बहुतेक वेळा दहा-पंधरा मिनिटंच चालते आणि हॉस्पिटलच्या दारात थंड पडते, म्हणून डबा आतून सडतो, हे तुम्ही सांगितल्यावर मला एकदम पटलं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. लांबच्या पल्ल्यात डबा तापतो आणि वाफ निघून जाते. छोट्या फेऱ्यांत तिचं आतच पाणी होतं, ते साचतं आणि पत्रा खातं. म्हणून नवीन काम 304 स्टेनलेसमध्ये करायचं आणि डब्याच्या सगळ्यात खालच्या जागी पाणी निथळायला बारीक भोक ठेवायचं, हे तुम्ही तिथंच ठरवलंत.

पाइपचं माप मला विशेष आवडलं. तुम्ही दोन इंच सांगितलंत आणि वर म्हणालात, “शंभर घोड्यांना अडीच इंच कशाला? भोंगा वाजवायचाय का?” पण बेंड मात्र तुम्ही मँड्रेलवरचेच, म्हणजे पाइपच्या आत आधाराचा दांडा घालून वाकवलेले, आणायला लावलेत, साध्या मशिनवर दाबून वाकवलेले घेतले नाहीत. दाबून वाकवलं की पाइप वळणावर चपटा होतो. याबाबत मला पटवायची काही गरजच नव्हती. पेशंटच्या श्वासनलिकेत आम्ही ट्यूब घालतो तेव्हा आमचं सगळं लक्ष हेच असतं, की ती कुठं दुमडली तर नाही ना. ट्यूबची त्रिज्या निम्मी झाली तर शांत वाहणाऱ्या हवेला सोळापट अडथळा होतो. गाडीच्या धुरात हवा शांत नसते, खळबळत जाते, त्यामुळे हिशेब आणखी वाईट. सरळ पाइप कितीही जाड घ्या, एका चपट्या वळणानं सगळं मुसळ केरात.

कॅटला तुम्ही हात लावला नाहीत, त्याबद्दल वेगळे आभार. त्या मधाच्या पोळ्यासारख्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा लेप असतो, आणि इंजिनातला कार्बन मोनॉक्साइड तिथंच जळून निरुपद्रवी होतो. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट धरतो. माझी गाडी हॉस्पिटलच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये उभी राहते. कॅट काढून गाडीत नेमकी किती ताकद येते ते मला माहीत करूनही घ्यायचं नाही.

आता डब्यांचं. लोकांना वाटतं सायलेन्सर म्हणजे एक डबा, त्यात काहीतरी असतं. तुम्ही दोन बनवलेत आणि दोन्हीचं पोट वेगळं. मधला आरपार: आत भोकाभोकांची जाळीची नळी, तिच्याभोवती आधी स्टीलची लोकर आणि तिच्यावर ग्लासवूल. नुसती ग्लासवूल ठेवली तर गरम वायू तिचे धागे ओढून बाहेर फेकतो आणि वर्षा-दोन वर्षांत डबा रिकामा होऊन ओरडायला लागतो, म्हणून मध्ये स्टीलची लोकर. हा डबा वरच्या पट्टीतला, पत्र्यासारखा कर्कश आवाज खातो. मागचा डबा कप्प्यांचा. आवाजाची लाट एका कप्प्यातून दुसऱ्यात जाते, भिंतींवर आपटून परतते आणि येणाऱ्या लाटेला मारते. जाड, खालच्या पट्टीतला आवाज तिथं जिरतो. आणि आकार मोठा पाहिजे, कारण छोट्या डब्याकडून शांतता मागायची म्हणजे बुलेटच्या फटाक्याकडून भजन मागण्यासारखं, हे तुमचंच वाक्य.

पोलोच्या मागं जागा कुठं असते? स्टेपनीचा खळगा, अॅक्सल, त्यात बंपर. तुम्ही पुठ्ठ्याचा खोका कापून त्याचा साचा केलात, जमिनीवर पाठ टेकून तो खाली धरलात, बाहेर आलात, एक कोपरा कात्रीनं छाटलात, परत खाली गेलात. पोरं हसत होती. चौथ्या बाजूला उतार देऊन तो बसला तेव्हा तुम्ही त्यावर पेन्सिलीनं बाण काढलात, “हे पुढं”. त्या पुठ्ठ्यावरून पत्रा कापला. पत्रा सोळा गेजचा. पातळ पत्र्याचा डबा स्वतःच वाजतो, ही गोष्ट चकाचक कपाटवाल्यांनी सांगितली नव्हती. सगळे जोड आर्गन वेल्डिंगनं मारलेत आणि मग पाइपच्या टोकाला ब्लोअर लावून प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी फिरवलंत. एका जोडावर मोहरीएवढा बुडबुडा फुगला. मी म्हटलं, एवढं चालतंय की. तुम्ही ऐकलंच नाहीत.

हवेच्या बाजूला तुम्ही जे केलंत ते पाहून कुणालाही वाटेल की काहीच केलं नाही. कंपनीचा एअर फिल्टरचा बंद डबा तसाच ठेवलात. इनटेकच्या, म्हणजे हवा आत घेणाऱ्या, नळीला जो प्लास्टिकचा फुगा लटकलेला असतो, जो सगळे काढून फेकतात, तोही ठेवलात, कारण तो तिथं आवाज दाबायलाच असतो. उघडा कोन बोनेटमधली गरम हवा ओढतो. हवा वीस अंशांनी तापली तर तेवढ्याच जागेत सहा-सात टक्के कमी मावते. टर्बो, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, ती तूट भरून काढायला जास्त राबतो, आणि त्याची शिट्टी उघड्या फिल्टरमधून थेट केबिनमध्ये. तुम्ही फक्त ग्रिलमागच्या तोंडापासून डब्यापर्यंतचा सैल झालेला जोड फोमपट्टीनं बंद केलात, म्हणजे बाहेरची थंड हवाच आत जाईल. फिल्टर साधा कागदी आणि तो कंपनीच्या मुदतीच्या आधी बदलायचा, कारण ऊसवाहतुकीच्या दिवसांत रस्त्यावर माती किती असते ते आपण रोज बघतो. तेल लावलेला कापडी फिल्टर घेऊ का म्हणून मी विचारलं होतं. “मॅडम, माती गाळायची की फोटो काढायचाय?” संपला विषय.

या सगळ्यानं ताकद किती वाढली? तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं, चार-पाच घोडे मिळाले तर देवाची कृपा, खरी ताकद ईसीयूचा, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा, नकाशा बदलल्याशिवाय येत नाही आणि तो तुमचा धंदा नाही. हे सांगणारा माणूस या बाजारात विरळा. मला जाणवतं ते असं, की पूर्वी 4500 आरपीएमच्या पुढं गाडी दमायची, आता वरपर्यंत मोकळी पळते. आणि पाय दाबल्यावर टर्बो जरा लवकर जागा होतो. ट्रॅक्टरच्या बाजूनं निघायला तेवढं पुरतं.

मग ते घुमणं. हायवेला 2400 आरपीएमच्या आसपास केबिनमध्ये एक घूंऽऽ यायचा. बाहेर उभं राहिलं तर काही नाही, आत बसलं की कानात दडा. डबा आणखी मोठा करायला जागा नव्हती. तुम्ही पाइपला बाजूनं एक नळी जोडलीत, दुसऱ्या टोकाला बंद. “आंधळी नळी” म्हणालात. पाच फूट लांब, गाडीखाली वळवून बसवलेली, आणि तिचं टोक इंचाइंचानं कापत आपण हायवेवर फिरलो. घरी जाऊन मी गणित मांडलं. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोन ठोके, म्हणजे 2400 ला सेकंदाला 80. तापलेल्या धुरात आवाज सेकंदाला साधारण 450 मीटर पळतो. लाटेची लांबी साडेपाच मीटरच्या वर, तिचा चौथा हिस्सा एक मीटर चाळीस सेंटीमीटर. लाट आंधळ्या नळीत जाऊन परत येते तेव्हा नेमकी उलटी झालेली असते आणि मूळ लाटेला गिळते. तुमची नळी माझ्या हिशेबापेक्षा चार बोटं आखूड भरली. ते बरोबरच आहे, त्या बंद नळीतला वायू तेवढा तापत नाही. तुम्ही कानानं कापली होती.

आणि ती रात्र. काम झालं होतं, पैसे दिले होते. तरी तुम्ही रात्री अकरानंतर मोपेड घेऊन गल्लीत आलात, कारण गाळ्यावर गाडी गरम असते, खरा आवाज थंड इंजिनाचा. कॅट लवकर तापावा म्हणून पहिला मिनिटभर इंजिन चढ्या आरपीएमवर चालतं, आणि शेजारच्यांची झोप मोडते ती त्याच मिनिटात. तुम्ही मला गाडी चालू करायला लावलीत आणि स्वतः समोरच्या गुरुजींच्या बेडरूमच्या खिडकीखाली जाऊन उभे राहिलात. लुंगी, टॉर्च आणि कान. गुरुजींनी खिडकी उघडून चोर समजून हाक मारली तेव्हा तुम्ही तोंडावर बोट ठेवून त्यांनाच गप्प केलंत! मग खाली वाकून उष्णतारोधक पत्र्याचा एक सैल स्क्रू आवळलात. झिणझिण थांबली.

रहिवासी भागात रात्री दहा ते सहा आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे, आणि हॉस्पिटलभोवतीच्या शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात 40. मोटार वाहन कायद्याखाली आवाजासाठी दहा हजारांपर्यंत दंड होतो, तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. पोलीस जप्त केलेल्या सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवतात ते फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. मोठा आवाज मागत तुमच्याकडे येणाऱ्या पोरांना तुम्ही यातलं काहीच सांगत नाही, फक्त “तसलं काम मी करत नाही” म्हणता आणि गिऱ्हाईक सोडता. ते दुकान तुमच्यापेक्षा दसपट कमावतं. मला याचा राग येतो, तुम्हाला येत नाही.

आता हिशेबाचं. बिलात आंधळी नळी लावलेली नाही, तिचा पाइप नाही, कापण्याची मजुरी नाही, आणि रात्रीच्या फेरीचं तर नावच नाही. मी विचारलं तर म्हणालात, घुमत होतं ती माझी चूक, तिचे पैसे कसे घेऊ. मला हे मान्य नाही. बदलायचे मागचे दोन रबर हँगर घेऊन मी पुढच्या आठवड्यात येते आहे, सोबत पाकीट असेल. ते मुलाच्या हातात देईन, म्हणजे तुम्हाला नाही म्हणता येणार नाही. माझी एक मैत्रीण, बालरोगतज्ज्ञ, तिचीही गाडी आणते. तिची डिझेल आहे आणि तिचा घूंऽऽ वेगळ्याच आरपीएमला येतो. पुठ्ठा तयार ठेवा.

तुमची कृतज्ञ,
दोन वाजताच्या पोलोवाली मॅडम